शिक्का आणि संमती

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या रांगेतील एका टेकडीवर, आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजा खान पठाण याने तो इ. स. 1700 च्या सुमारास बांधला असे मानतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली गेला आणि त्यांच्या कारकीर्दीत त्याचा उपयोग बंदिखान्यासारखा होऊ लागला. तेथील कैद्यांना आतल्या विहिरीचे साचून विषारी झालेले पाणी पाजीत आणि त्यानेच त्यांचा अंत होई, अशी कथा त्या मुलखात सांगतात. कथेतील इतिहास किती आणि लोकांच्या मनातील धास्ती किती, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. परंतु तिच्यात दडलेला विचार मात्र निःसंशय खरा आहे. तट शत्रूला अडवू शकतो, पाणी ताजे ठेवणे त्याच्या सामर्थ्यातले नाही. जे जे म्हणून जगापासून राखून ठेवले जाते, मग ते एखाद्या पंथाचे गुह्य ज्ञान असो, दप्तरखान्यातील कागद असोत वा संगणकातील भांडार असो, त्या सर्वांपुढे एकच पेच उभा राहतो: दार उघडावे तर परका आत शिरतो, आणि लावून घ्यावे तर आतले पाणी कुजते.

या पेचाचे आजच्या काळातील सर्वांत रेखीव रूप पाहावयाचे असेल, तर ते संगणकशास्त्रातील खाजगी रेपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या खाजगी भांडारात, पाहावे. इयन मर्डॉक यांनी 1993 साली आरंभिलेल्या डेबियन या प्रणालीत सारी सॉफ्टवेअरे पॅकेज नावाच्या गाठोड्यांत बांधून एका सार्वजनिक भांडारात ठेवलेली असतात. पण ज्या संस्थांना आपला कारभार परस्वाधीन करावयाचा नसतो, त्या स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःचे भांडार उभारतात, आणि आपल्या यंत्रांना आज्ञा देतात की जे काही घ्यावयाचे ते येथूनच घ्यावे. या भांडाराचा कारभारी काळ्या पडद्यासमोर बसून कमांड लाइनवर, पॅकेजे हाताळणाऱ्या ‘ॲप्ट’ या साधनाच्या, दोन निरनिराळ्या आज्ञा लिहितो. ‘ॲप्ट अपडेट’ म्हटले की यंत्र भांडारातील नवी यादी तेवढी आणून ठेवते, एकही पॅकेज बदलत नाही. ‘ॲप्ट अपग्रेड’ म्हटले म्हणजे मग प्रत्यक्ष पालट होतो. काय बदलले आहे हे जाणणे आणि तो बदल अंगीकारणे या दोन क्रिया, ज्यांना आपण व्यवहारात नेहमी एकच समजतो, त्या येथे बुद्धिपुरस्सर वेगळ्या ठेवलेल्या आहेत. आणि ज्ञान व कर्म यांच्यामध्ये विचाराला थांबण्यापुरती एक जागा असली पाहिजे, हे तत्त्व त्या विभागणीत आपोआप सिद्ध झाले आहे.

पालट नकोच, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष येथे टिकत नाही. 2017 सालच्या मार्चात ‘अपाची स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरातील एक घातक दोष जाहीर झाला आणि त्याची दुरुस्तीही उपलब्ध झाली. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन कंपनीच्या एका यंत्रणेत ती दुरुस्ती झाली नाही, आणि सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची खाजगी माहिती चोरांच्या हाती गेली. साचलेले पाणी म्हणतात ते हेच. जुने आहे म्हणून निर्दोष आहे ही समजूत जितकी धर्मात घातक, तितकीच यंत्रात.

पालट अटळ असेल, तर तो करण्याचा अधिकार कोणाचा आणि त्याची खूण कोणती, हा पुढला प्रश्न होय. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर आरंभी राजमुद्रा असे आणि मजकूर संपताच मर्यादेचा लहान शिक्का उमटवीत. पहिली मुद्रा हुकूम कोणाचा ते सांगे, आणि दुसरीमुळे तिच्याखाली कोणाला चार अक्षरे घुसडता येत नसत. संगणकाच्या भांडारात ही दोन्ही कामे गणित करते. प्रत्येक पॅकेजच्या मजकुरावरून हॅश नावाचा एक ठरावीक लांबीचा अंक काढतात, आणि मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी तो अंक सर्वस्वी निराळा येतो; हे सारे अंक एका यादीत नोंदलेले असतात, त्या यादीचा अंक ‘रिलीज’ नावाच्या मुख्य कागदावर असतो, आणि त्या कागदावर भांडाराच्या धन्याची गुप्त किल्लीने केलेली सही असते. एका सहीवर अशी सर्व पॅकेजांची जबाबदारी तोललेली असते. यंत्र आधी सही तपासते, मग यादीची रुजुवात करते, मग पॅकेजची. यांपैकी एक कडी तुटली तरी ते काम थांबवून तक्रार करते.

आपल्या मराठी परंपरेने हा प्रश्न या यंत्रांच्या कितीतरी शतके आधी सोडवून पाहिला आहे, आणि तोही दोन परस्परविरुद्ध मार्गांनी. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे या संशोधकांनी सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला ते भांडार पूर्णपणे बंद होते. परंतु त्याच पंथाने ‘लीळाचरित्रा’त एखाद्या प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी, त्या सांगणाऱ्यांच्या नावांनिशी, शेजारी शेजारी नोंदवून ठेवल्या आणि एका पाठाने दुसरा पुसून टाकला नाही. उलट एकनाथ महाराजांनी, ज्ञानेश्वरी सिद्ध झाल्यानंतर सुमारे तीन शतकांनी, शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 साली, त्या सर्वांना खुल्या असलेल्या ग्रंथात शिरलेले अपपाठ अनेक प्रती ताडून काढून टाकले, शेवटी आपले नाव व शक घातला, आणि यापुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये असे निक्षून बजाविले. एकाने दार बंद ठेवून पाठभेद जपले, दुसऱ्याने दार उघडे ठेवून पाठ निश्चित केला. मार्ग भिन्न असले तरी शील एकच होते: दोघांनीही बदल लपविला नाही. कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे, याचा दाखला मागे ठेवला. पालटाला प्रतिष्ठा येते ती या दाखल्यामुळे.

त्याच्या नवेपणामुळे ती येत नाही, हे मात्र यंत्राला उमगत नाही. एकाच नावाची दोन पॅकेजे दोन भांडारांत आढळली, आणि दोन्ही भांडारांना समान प्राधान्य असले, तर ॲप्ट ज्याचा आवृत्तिक्रमांक मोठा ते उचलते. यंत्रांच्या अशा स्वभावाचा गैरफायदा कसा घेता येईल, हे ॲलेक्स बिरसान या संशोधकाने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले. मोठमोठ्या कंपन्यांच्या खाजगी पॅकेजांची नावे हुडकून त्याच नावाची, पण फुगविलेल्या क्रमांकांची पॅकेजे त्याने एनपीएम, पायपीआयसारख्या सार्वजनिक भांडारांत ठेविली. आणि ॲपल, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह पस्तीसाहून अधिक संस्थांच्या यंत्रणांनी आपल्या घरचे सोडून ती परकी गाठोडी आत घेतली. त्याचा हेतू निर्मळ होता म्हणून निभावले. यावर ॲप्टमध्ये उपाय आहे: कारभाऱ्याने भांडारांना प्राधान्यक्रम द्यावा. एरवी तो 500 असतो. 1000 वा त्याहून अधिक दिला, तर यंत्र मोठा क्रमांक बाजूस सारून जुन्या आवृत्तीकडे परतही जाते. कालक्रम आणि मूल्य या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे यंत्राला माणसाने शिकवावे लागते; आणि शिकविणाऱ्याला तरी ते ठाऊक असले पाहिजे.

आता प्रश्नाच्या मर्माकडे वळू. सही खरी, यादी खरी, प्राधान्य योग्य. तरी पॅकेजवर विश्वास ठेवावा काय? पॅकेजातील सहस्रावधी ओळी कारभारी वाचीत नाही, वाचू शकत नाही. तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो. यालाच आपल्या न्यायदर्शनाने शब्दप्रमाण म्हटले आहे, आणि वात्स्यायनांनी आपल्या भाष्यात ज्याचा शब्द प्रमाण मानावा त्या आप्ताची दोन लक्षणे सांगितली आहेत: त्याला विषयाचे साक्षात् ज्ञान असावे, आणि जसे जाणले तसेच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखेच लागू आहे, असे सांगण्याइतकी त्यांची बुद्धी मोकळी होती. या कसोटीवर सहीचे मोल काय ठरते? ती बोलणारा कोण हे सांगते. त्याला ज्ञान आहे काय आणि त्याची इच्छा शुद्ध आहे काय, या दोहोंविषयी ती मूक असते.

हे मौन किती महागात पडू शकते, ते 2024 साली जगाने पाहिले. ‘एक्सझेड’ नावाचे, माहिती दाबून लहान करणारे एक छोटे पण असंख्य प्रणालींचा आधार असलेले सॉफ्टवेअर आहे. ‘जिया तॅन’ हे नाव धारण करणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याची निष्ठेने सेवा केली, मूळ कारभाऱ्याचा विश्वास संपादन केला, सहीचा अधिकार मिळविला, आणि मग 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत यंत्राचा दरवाजा परक्यासाठी उघडणारी चोरवाट पेरली. सही खरी होती; सही करणाऱ्याला ज्ञानही भरपूर होते; इच्छा मात्र कपटी होती. आप्तत्वाचे एक अंग परिपूर्ण आणि दुसरे कुजलेले. त्या आवृत्त्या डेबियनच्या स्थिर शाखेत पोहोचण्यापूर्वीच, मार्चच्या 29 तारखेला, आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते कारस्थान उघडकीस आणले. आणि त्याच्या संशयाचे निमित्त होते यंत्रात दूरस्थ प्रवेश करताना लागलेला सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ. एवढ्या क्षुल्लक विलंबाकडे दुर्लक्ष न करणाऱ्या एका माणसाच्या जिज्ञासेने, सारे शिक्के शाबूत असताना जे निसटले होते, ते पकडले.

यावरून कोणी म्हणेल की मग शब्दप्रमाणच टाकून द्यावे आणि प्रत्यक्ष तेवढेच मानावे. चार्वाकाचा हा बाणा भांडाराच्या कारभाऱ्याला एक दिवसही निभावणार नाही, कारण ज्या साधनाने तो तपासणी करील, तेही कोणीतरी बांधून दिलेले पॅकेजच असेल. श्रद्धा टळत नाही; ती डोळस असावी की नसावी, एवढीच निवड आपल्या हाती उरते. गीतेच्या शेवटच्या अध्यायात सारे ज्ञान सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला याचा पूर्ण विचार करून मग तुला इष्ट वाटेल ते कर, असे सांगतात, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे. त्यांच्याहून मोठा आप्त अर्जुनाला कोठून मिळणार होता? तरीही शिष्याची संमती गृहीत धरण्यात आली नाही, ती मागण्यात आली. अपग्रेडच्या आज्ञेनंतर काय काय बदलणार आहे याची यादी दाखवून यंत्रही असेच थांबते आणि होय किंवा नाही एवढे विचारते. पण घाईला चटावलेले आपण आज्ञेपुढे एक अक्षर जोडून तो प्रश्नच रद्द करतो, आणि पुढे काही बिघडले म्हणजे दोष भांडाराला देतो. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांत असे अक्षर जोडण्यावाचून गत्यंतर नसते, हे मान्य. परंतु तेथेही ती संमती कोणीतरी, कधीतरी, आगाऊ दिलेली असते, आणि तिचे उत्तरदायित्व यंत्राकडे जात नाही.

धर्म असो वा संगणक, परंपरा ताजी ठेवणे हे कर्तव्यच आहे. मात्र जो पालट आपले कारण सांगत नाही, कर्त्याचे नाव लपवितो आणि मागे फिरण्याची वाट ठेवीत नाही, तो कितीही मोठ्या शिक्क्यानिशी आला तरी नाकारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. शिक्का हुकमाचा उगम सिद्ध करतो. तो हुकूम मानण्याची जबाबदारी मानणाऱ्याचीच राहते. यास्तव ज्यांच्या हाती कोणतेही भांडार आहे, त्यांनी नवी यादी नित्य आणावी, ती वाचावी, जुनी प्रत राखून ठेवावी, आणि मगच होय म्हणावे.