पथ्य आणि पंगत

आजारी माणसाची विचारपूस करण्याची आपल्या किनाऱ्यावरची रीत जुनी आणि मायेची आहे. कोणी तापाने अंथरूण धरले, तर शेजारघरून पेज येते. कोणाचे हाड मोडले, तर त्याच्या घरचे पाणी भरायला दोन हात आपण होऊन पुढे येतात. परंतु ही माया बहुधा एका अपेक्षेवर उभी असते, की माणूस चार दिवसांत बरा होईल. ज्याचे दुखणे संपतच नाही, ज्याचे पथ्य या फेस्तालाही चालू आहे आणि पुढच्याही फेस्ताला चालूच राहणार आहे, त्याच्याशी कसे वागावे हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. पहिल्या वर्षी आपण चौकशी करतो, दुसऱ्या वर्षी उपाय सुचवतो आणि तिसऱ्या वर्षी मनात शंका डोकावते: हे दुखणे खरे तरी आहे का? या शंकेचा नैतिक अंगाने विचार करावा, असे आम्हांला वाटते.

गव्हाचे दुखणे हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. सिलियाक नावाच्या व्याधीत गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले, की शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या व्याधीचे वर्णन करून, रुग्ण बरा व्हायचा तर आहारानेच होईल, असे मत मांडले. पण नेमके काय वर्ज्य करावे, हे कळायला आणखी साठ वर्षे लागली. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय होताच. महायुद्धातील १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. सारा देश उपासमारीने खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली, आणि पाव परत आला तेव्हा पुन्हा खालावली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गव्हाचा दोष सिद्ध झाला. इतरांना जगवणारी भाकर काहींना आजारी करू शकते, ही गोष्ट शास्त्रालाही इतक्या उशिरा पटली. मग ती शेजाऱ्याला चटकन पटत नाही, याचे नवल नाही.

भारतात ही व्याधी गहू खाणाऱ्या उत्तरेत अधिक आढळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतातील प्रौढांमध्ये तिचे प्रमाण सुमारे १.२ टक्के, तर दक्षिणेत सुमारे ०.१ टक्का दिसून आले. आपला मुलूख भाताचा. पेज, घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी, नाचणी, सान्ना हे आपले रोजचे अन्न. नाताळच्या कुस्वारातला दोदोलसुद्धा तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या रसाचा आणि गुळाचा. त्यामुळे गहू सोडणे मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला जड जाऊ नये, असे वाटते. प्रत्यक्षात गहू आडवाटेने येतो. तळलेल्या सुरमईवर रवा असतो, वड्यांच्या भाजणीत कित्येक घरी मूठभर गहू पडतो, बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते; नेवऱ्या आणि बिबिंक तर मैद्याशिवाय होत नाहीत. ज्या तेलात पुऱ्या तळल्या, त्याच तेलात तळलेला मासाही अशा रुग्णाला बाधतो.

आणि एवढे सगळे सांभाळूनही कित्येकांचे दुखणे थांबत नाही. मोठ्या माणसाच्या आतड्याचे अस्तर भरून यायला महिने, कधी वर्षेही लागतात. आजारात दूध पचवण्याची शक्ती मंदावलेली असते. सिलियाकच्या जोडीला थायरॉइडचा विकार किंवा लहानपणीच जडणारा मधुमेह असण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. काहींना सिलियाक नसतोच. त्यांचे पोट गव्हातील फ्रुक्टान नावाच्या शर्करेने बिघडते, आणि ती शर्करा कांद्यात व लसणीतही असते. म्हणजे कांदा, खोबरे आणि लसूण भाजून केलेले आपले वाटप, जे आपल्या स्वयंपाकाचा प्राण, तेच त्यांच्या मुळावर येते. कुळीथ, चणे, काजूगर यांतही तशाच जातीच्या शर्करा आहेत. बांगडा किंवा तारली पकडल्यानंतर बर्फात ठेवली नाही, तर तिच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजवूनही जात नाही आणि खाणाऱ्याचे अंग लाल होते, डोके ठणकते. माणसाला वाटते, आपल्याला मासाच सोसत नाही. अशा रीतीने एक पदार्थ सोडून सुटका होईल ही आशा धरलेला माणूस दुसरा सोडतो, तिसरा सोडतो, आणि तरीही सकाळी थकलेलाच उठतो.

येथून त्याची खरी परीक्षा सुरू होते. आपल्याकडे अन्न म्हणजे प्रेम. लादीन संपल्यावर हाती आलेले चणे नाकारणे म्हणजे जणू त्या घरालाच नाकारणे. ‘वायच खा, काय होवचा नाय,’ असे म्हणणाऱ्या काकीच्या मनात आपुलकीच असते. पण ‘काय होते’ हे रात्रभर ज्याला भोगायचे, तो तेथे काय बोलणार? त्यात ती घरची सून असेल, तर दहा जणांचे वाटप तिनेच वाटायचे आणि स्वतः पेजेवर राहायचे. आपल्यासाठी वेगळे भांडे चढवायलाही तिला संकोच वाटतो. हळूहळू ती फेस्ताला जाणे टाळते. मग लोक म्हणतात, तिला माणसेच नकोत.

आपण असा संशय का घेतो? आमच्या मते याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे आपले वाढणे नाकारले गेले, याचा रुसवा. दुसरे अधिक खोल आहे. बरे न होणारे दुखणे आपल्या श्रद्धेला भिववते. नोव्हेना झाली, नवस झाला, औषध झाले आणि गुण आला नाही, तर दोष कोणाचा? देवाला दोष द्यायचे धैर्य नसते, डॉक्टरांना देऊन भागत नाही. शेवटी तो रुग्णाच्या पदरात पडतो. त्याचा विश्वास कमी पडला, त्याचे मनच कमकुवत, असे आपण ठरवून टाकतो. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते, आणि तोवर त्यांचे काहीही चुकले नव्हते. ते चुकले ते तोंड उघडून कारणे सांगू लागल्यावर.

नव्या करारात या बाबतीत एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. संत पौलाच्या हातून माल्टा बेटावर अनेक रोगी बरे झाले. पण त्याच पौलाचा लाडका शिष्य तीमथ्य पोटाच्या दुखण्याने वरचेवर आजारी पडे. पौलाने त्याला अल्पविश्वासी म्हटले नाही, की तू बरा झालास असेही जाहीर केले नाही. नुसते पाणी न पिता थोडा द्राक्षारस घे, असा आहाराचा साधा सल्ला त्याने पत्रातून दिला. त्रफिम या सोबत्याला तो मिलेत येथे आजारी ठेवून पुढे गेला, आणि हे त्याने कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले. स्वतःच्या देहातील काट्यासाठी त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा राहिला, कृपा मिळाली. प्रेषितांच्या मंडळीतसुद्धा बरी न झालेली माणसे होती, आणि ती मंडळीच्या बाहेर पडली नाहीत.

गव्हाचा प्रश्न तर थेट वेदीपाशी येऊन ठेपतो. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेतील ९२४ वे कलम सांगते, की मिस्साबलिदानाची भाकर निव्वळ गव्हाचीच असावी. पाव ग्रॅम वजनाच्या नेहमीच्या ओस्तीत वीसेक मिलिग्रॅम ग्लुटेन असू शकते. सिलियाकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाकाठी दहा मिलिग्रॅमपर्यंतच ते सोसते, असे वैद्यक मानते. मग अशा माणसाने काय करावे? १९९५ साली रोमच्या धर्मसिद्धान्त परिषदेने या व्याधीच्या उमेदवारांना गुरुदीक्षा देऊ नये, असे कळवले होते. २००३ साली त्याच परिषदेने, त्याच कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीने, नवे पत्र काढले. त्यात सरसकट मनाईच्या जागी फार सावधपणे निर्णय घ्यावा, अशी भाषा आली. ग्लुटेन अजिबात नसलेली ओस्ती ग्राह्य नाही, पण भाकर होण्यापुरते अल्प ग्लुटेन असलेली ग्राह्य आहे. आणि तीही न सोसणाऱ्या प्रापंचिकाला केवळ चषकातून ख्रिस्तप्रसाद घेता येतो, असे त्यात स्पष्ट केले. २००४ च्या सुमारास अमेरिकेतील क्लाईड येथील बेनेडिक्टाइन भगिनींनी दीर्घ खटपटीनंतर ०.०१ टक्क्याहून कमी ग्लुटेनची ओस्ती तयार केली. २०१७ साली उपासनाविषयक परिषदेने पुन्हा हेच नियम जगभरच्या बिशपांना कळवले.

ख्रिस्तसभेने भाकर बदलली नाही, हे काहींना कठोर वाटते. आम्हांला यात वेगळे काही दिसते. तिने भाकर बदलली नाही, तसे माणसालाही दाराबाहेर ठेवले नाही. दोघांना धरून ठेवण्याची वाट ती शोधत राहिली, आणि शोधता शोधता आपलाच पूर्वीचा कडक शब्द तिने सौम्य केला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सोळाव्या शतकातच शिकवले होते, की भाकरीत अथवा द्राक्षारसात, कोणत्याही एका रूपात ख्रिस्त संपूर्ण असतो. चषकातला एक घोट घेणाऱ्याला त्यामुळे काही कमी मिळत नाही. जे वेदीपाशी खरे, ते आपल्या पंगतीत का खरे असू नये? ज्याच्या पानावर फक्त भात आणि मीठ-हळदीत शिजवलेला मासा आहे, तोही त्या पंगतीत पुरा बसलेला असतो. सारे खाल्ल्याशिवाय प्रेम पुरे होत नाही, हा हट्ट आपला आहे, प्रभूचा नाही.

याचा अर्थ रुग्णाचे काही कर्तव्यच नाही, असा नव्हे. पथ्याचाही एक मोह असतो. भीतीने एकेक अन्न टाकत गेलेला माणूस शेवटी कुपोषणाने खंगतो, आणि घरातील प्रत्येक जेवण आपल्या दुखण्याभोवती फिरवू लागतो. म्हणून आधी तपासून घेणे हे त्याचे कर्तव्य. त्यातही एक गोष्ट ध्यानी ठेवावी: सिलियाकची रक्ततपासणी आणि आतड्याची तपासणी गहू खात असतानाच खात्रीची ठरते, आधीच गहू सोडला, तर निदान हुकते. त्यासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत फेऱ्या घालाव्या लागल्या, तरी त्या घालाव्यात. गहू सोडूनही बरे वाटत नसेल, तर मनानेच आणखी काही सोडण्याआधी पुन्हा डॉक्टरांकडे जावे. आणि आपल्याला काय चालत नाही एवढेच न सांगता काय चालते तेही घरच्यांना सांगावे. म्हणजे त्यांच्या मायेला काही करायला उरते.

उपवासकाळात आपण काही सोडतो आणि पुनरुत्थानाच्या सणाला ते पुन्हा पानावर घेतो. दीर्घ आजाऱ्याच्या उपवासाला तो सण येत नाही. त्याने तो स्वतः निवडलेलाही नाही. म्हणून त्याला पुण्यवान ठरवून मोकळे होणे हीसुद्धा एक पळवाट आहे. ख्रिस्तसभा आजाऱ्यांवर उपवासाचा भार घालत नाही. ख्रिस्तप्रसादापूर्वी तासभर उपाशी राहण्याच्या नियमातूनही तिने आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना सूट दिली आहे. शुश्रूषा करणाऱ्यांचीही तिला आठवण राहिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दुखणे एकाच्या देहात असले, तरी ते साऱ्या घरालाच वाहावे लागते, हे तिने जाणले.

तेव्हा धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे सांगणे फार मोठे नाही. ज्याला ओस्ती सोसत नाही, त्याने संकोच न करता फादरांना आधी कळवावे. त्याची अल्प ग्लुटेनची ओस्ती वेगळ्या डबीत ठेवता येते. तीही चालत नसेल तर वेगळा चषक ठेवता येतो, कारण मुख्य चषकात ओस्तीचा तुकडा मिसळलेला असतो. कोणाचे दुखणे लांबले, तर त्याला नवा उपाय सुचवण्याआधी त्याचे म्हणणे खरे मानावे. आणि पुढच्या फेस्ताच्या स्वयंपाकाचे ठरवायला बसाल, तेव्हा वाटप घालण्याआधीच एका लहान टोपात थोडा मासा निराळा काढून ठेवावा, आणि ज्याच्यासाठी ठेवला त्याला आदल्या दिवशीच निरोप धाडावा. तो यंदा बरा झालेला नसेल. पुढच्या वर्षीही कदाचित नसेल. टोप मात्र पुढच्या वर्षीही चुलीवर चढावा.