कौल कोणी वाचायचा?

लोकसभेच्या निवडणुकीचा निकाल लागला की त्याला ‘जनतेचा कौल’ म्हणण्याची मराठीत रीत आहे आणि हा शब्द इतका रुळलेला आहे की त्यात एकावर एक साचलेले तीन अर्थ सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. अरबीतून आलेल्या ‘कौल’ या शब्दाचा मूळ अर्थ उच्चारलेला शब्द, म्हणजेच वचन असा आहे; ओसाड पडलेली जमीन पुन्हा लागवडीस यावी यासाठी राज्यकर्ता रयतेला सवलतीच्या साऱ्याचे जे लेखी आश्वासन देई, त्याला जुन्या कागदपत्रांत कौल किंवा कौलनामा म्हटलेले आढळते. कोकणातल्या गावऱ्हाटीत, म्हणजे देवस्थान, मानकरी आणि गावकरी यांना बांधून ठेवणाऱ्या परंपरागत व्यवस्थेत, हाच शब्द ग्रामदेवतेकडून मिळणाऱ्या उत्तरासाठी वापरला जातो. तिसरा आणि सर्वांत अलीकडचा अर्थ मतपेटीचा. सत्तेने प्रजेला दिलेले वचन, देवाने भक्ताला दिलेले उत्तर आणि प्रजेने सत्तेला दिलेला निर्णय या तिन्हींना एकच नाव मिळावे हा भाषेतला केवळ योगायोग मानता येत नाही, कारण तिन्ही ठिकाणी एका पक्षाचा शब्द दुसऱ्या पक्षाला बांधून ठेवतो. प्रश्न असा आहे की निवडणुकीनंतर आघाडी करून सरकार बनवणारे पक्ष या शब्दाने नेमके किती बांधलेले असतात.

देवाला कौल लावण्याची पद्धत या प्रश्नाच्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. गुरव प्रथम गाऱ्हाणे घालतो, म्हणजे गावकऱ्यांची अडचण देवापुढे मोठ्याने आणि सर्वांच्या देखत मांडतो; त्यानंतर गावागावाच्या रूढीप्रमाणे मूर्तीच्या किंवा पाषाणाच्या ठरावीक जागी तांदळाचे दाणे, फुलांच्या कळ्या किंवा पाने ओली करून चिकटवली जातात आणि उजवीकडचे आधी पडते की डावीकडचे, यावरून होकार किंवा नकार समजला जातो. या विधीवर श्रद्धा असो वा नसो, त्यातली शिस्त विचार करायला लावणारी आहे. देव विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. विहीर खणावी का, असे विचारून मिळालेला उजवा कौल शेत विकण्यासाठी वापरता येत नाही. त्यासाठी पुन्हा गाऱ्हाणे घालावे लागते.

जनतेच्या कौलाला ही कसोटी लावून पाहण्यासाठी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर लागून असलेली तीन शहरे उत्तम उदाहरण ठरतात. तिघांना पाणी देणाऱ्या नद्या त्याच, सकाळच्या लोकलमधली गर्दी तीच आणि अडचणीही बहुतांशी सारख्याच. परंतु 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर उल्हासनगर आणि अंबरनाथ कल्याण लोकसभा मतदारसंघात आहेत, तर मुरबाड विधानसभा क्षेत्रात मोडणारे बदलापूर भिवंडी लोकसभा मतदारसंघात आहे. 4 जून 2024 रोजी मतमोजणी झाली तेव्हा कल्याणमधून शिवसेनेचे श्रीकांत शिंदे दोन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले आणि भिवंडीतून राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे सुरेश म्हात्रे यांनी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांचा सुमारे 66 हजार मतांनी पराभव केला. देशपातळीवर भारतीय जनता पक्षाला 240 जागा मिळाल्या. 543 सदस्यांच्या सभागृहात बहुमताला लागणारा 272 चा आकडा त्याला एकट्याने गाठता आला नाही आणि तेलुगू देसम, संयुक्त जनता दल, शिवसेना आदी मित्रपक्षांसह राष्ट्रीय लोकशाही आघाडीने 293 जागांच्या बळावर 9 जून रोजी सरकार स्थापन केले. अंबरनाथ स्थानकावरून सुटलेली गाडी बदलापूरला पोहोचेपर्यंत प्रवासी सत्ताधारी खासदाराच्या मतदारसंघातून विरोधी खासदाराच्या मतदारसंघात गेलेला असतो. तरीही निकालाच्या दिवशी ‘देशाने कौल दिला’ असे एकवचनी विधान सर्व बाजूंनी केले गेले.

या एकवचनातच तत्त्वज्ञानाची खरी अडचण आहे. कोणत्याही मतदाराने 293 ही संख्या निवडलेली नव्हती. प्रत्येकाने आपल्या मतदारसंघातल्या एका नावासमोरचे बटण दाबले होते. जिनिव्हाचा विचारवंत रूसो याने 1762 मध्ये ‘सामान्य इच्छा’ ही कल्पना मांडली आणि समाजाची म्हणून एक इच्छा असते, ती व्यक्तींच्या इच्छांच्या बेरजेहून वेगळी असते, असे प्रतिपादन केले. मात्र त्यानंतर अवघ्या 23 वर्षांनी, 1785 मध्ये, कोंदोर्से या गणितज्ञाने दाखवून दिले की पर्याय तीन असतील तर बहुमत पहिल्याला दुसऱ्यापेक्षा, दुसऱ्याला तिसऱ्यापेक्षा आणि तिसऱ्याला पुन्हा पहिल्यापेक्षा पसंत करू शकते. म्हणजे प्रत्येक मतदाराचे मत सुसंगत असूनही सर्वांचे मिळून एक सुसंगत मत निघेलच, अशी खात्री देता येत नाही. याचा अर्थ त्रिशंकू सभागृहात ‘जनतेला अमुकच आघाडी हवी होती’ असे म्हणणारा प्रत्येक पक्ष आधीपासून असलेली गोष्ट शोधून काढत नसतो, तर विखुरलेल्या मतांतून एक अर्थ स्वतः घडवत असतो.

असा अर्थ घडवणे किती नाजूक काम आहे, हे अंबरनाथनेच अलीकडे दाखवले. डिसेंबर 2025 मधील नगरपरिषद निवडणुकीत थेट निवडून येणारे नगराध्यक्षपद भाजपकडे गेले, पण नगरसेवकांत शिवसेना 27, भाजप 14, काँग्रेस 12, राष्ट्रवादी काँग्रेस 4 आणि अपक्ष 2 असे बळ निघाले. राज्यात एकत्र सत्तेत असलेल्या शिवसेनेला बाजूला ठेवून भाजपने ज्या काँग्रेसशी देशभर उभा विरोध आहे तिच्याच नगरसेवकांना सोबत घेऊन ‘अंबरनाथ विकास आघाडी’ उभी केली; दोन्ही पक्षांच्या वरिष्ठांनी हात वर केले, काँग्रेसने आपल्या 12 नगरसेवकांना निलंबित केले, ते भाजपमध्ये गेले आणि राष्ट्रवादीच्या चौघांनी पुढे शिवसेनेची बाजू धरली. काही आठवड्यांच्या आत एकाच कौलाचे दोन परस्परविरोधी अर्थ लावले गेले आणि दोन्ही वेळा शहराच्या विकासाचा हवाला दिला गेला. ज्या मतदाराने भाजपला रोखण्यासाठी काँग्रेसला मत दिले, त्याचे मत भाजपच्या पारड्यात पडले. विहिरीसाठी लावलेल्या कौलावर शेत विकले गेले ते असे.

येथे दोष केवळ व्यक्तींच्या लोभाचा नाही. देवळात कौलाचा अर्थ गुरव सांगतो आणि उत्तर उजवे आले काय किंवा डावे आले काय, त्याचा स्वतःचा लाभ त्यात गुंतलेला नसावा अशी अपेक्षा असते. बौद्ध परंपरेने ही अपेक्षा नियमातच बांधली. भिक्षुसंघात वाद मिटत नसे तेव्हा शलाका, म्हणजे लाकडाच्या लहान काड्या, वाटून बहुमत घेतले जाई आणि त्या वाटणारा-मोजणारा शलाकाग्राहक छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा, असा विनयपिटकाचा दंडक आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारताला संसदीय कार्यपद्धती नवी नाही हे सांगताना भिक्षुसंघातील ठराव, गणसंख्या आणि मतमोजणीच्या नियमांचाच दाखला दिला होता. मंत्री जी शपथ घेतो तिच्यातही भय, पक्षपात, ममत्व आणि आकस यांपासून दूर राहून न्याय देण्याची प्रतिज्ञा असते. हे त्या चार अगतींशी, म्हणजे माणसाला वाकड्या वाटेने नेणाऱ्या वृत्तींशी, किती जवळून जुळते हे वेगळे सांगायला नको. आघाडीच्या राजकारणातला पेच असा की शलाका मोजणारा आणि शलाकेवर ज्याचे भवितव्य टांगलेले आहे तो, हे दोघे येथे एकच असतात. कौल वाचणाऱ्यालाच त्या वाचनातून मंत्रिपद मिळते.

भारतीय कायद्याने या पेचाची अर्धीच दखल घेतली आहे. राज्यपालांनी सरकार स्थापनेसाठी कोणाला आधी बोलवावे याचा क्रम सरकारिया आयोगाने सुचवताना निवडणूकपूर्व आघाडीला पहिले स्थान दिले आणि निकालानंतर जुळलेल्या आघाड्यांना त्याखाली ठेवले. या क्रमामागे नैतिक तत्त्व आहे, कारण निवडणुकीआधी झालेली युती मतदारासमोर गाऱ्हाण्यासारखी मोठ्याने मांडलेली असते. या निकषावर 2024 च्या केंद्र सरकारची घडण निर्दोष ठरते. दुसरीकडे, 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आणलेली दहावी अनुसूची पक्ष सोडणाऱ्या एकट्या सदस्याची जागा काढून घेते, पण संपूर्ण पक्षानेच निवडणुकीतील मित्र सोडून विरोधकाचा हात धरला तर त्याला हात लावत नाही. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत भाजप 105 आणि शिवसेना 56 असे युतीला स्पष्ट बहुमत मिळाले असतानाही युती मोडली, 23 नोव्हेंबरच्या पहाटे एक सरकार शपथबद्ध झाले आणि 28 नोव्हेंबरला त्याहून वेगळे. ज्यांच्याविरुद्ध मते मागितली त्यांच्याच साथीने दोन्ही सरकारे उभी राहिली होती. कायद्याच्या दृष्टीने सारे बिनचूक असले, तरी मतदाराला विचारलेला प्रश्न दोन्ही वेळा बदललेला होता.

बाजू बदलणे नेहमीच अधर्म असते का, या प्रश्नाचे महाभारताने दिलेले उत्तर एकेरी नाही. युद्धापूर्वी युधिष्ठिराने दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभे राहून, ज्याला आपल्या पक्षात यायचे असेल त्याने यावे, असे जाहीर आवाहन केले आणि धृतराष्ट्राचा पुत्र युयुत्सू सर्वांच्या देखत पांडवांकडे आला. त्याला कोणी विश्वासघातकी म्हणत नाही. याउलट पांडवांचा मामा शल्य वाटेतल्या पाहुणचाराला भुलून दुर्योधनाला शब्द देऊन बसला, आणि कर्णाचे सारथ्य करताना त्याचे धैर्य खच्ची करण्याचे वचनही त्याने युधिष्ठिराला दिले. दोन्ही बाजूंना दिलेले शब्द त्याने अक्षरशः पाळले, पण निष्ठा कोणाशीच राहिली नाही. युयुत्सूचे कृत्य धर्म्य ठरते ते बाण सुटण्याआधी आणि उघडपणे घडले म्हणून.

मात्र यावरून तडजोडच त्याज्य मानणे ही दुसरी चूक ठरेल, आणि या बाबतीत उल्हासनगरचा इतिहास सावध करणारा आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांचे 8 ऑगस्ट 1949 रोजी या नावाने नगरात रूपांतर झाले. भाषावार प्रांतरचनेत ज्यांना स्वतःचा प्रांत मिळू शकत नव्हता, ज्यांच्या भाषेला आठव्या अनुसूचीत जागा मिळायला 1967 साल उजाडले, अशा समाजाला इतरांशी जुळवून घेतल्याशिवाय सत्तेत वाटा मिळण्याचा मार्गच नव्हता. शेजारच्या मराठी, आगरी, आंबेडकरी आणि उत्तर भारतीय वस्त्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. कोणताही एक गट कायमचा बहुसंख्य नसलेल्या देशात आघाडी हे सहजीवनाचेच राजकीय रूप आहे आणि 1989 मध्ये 197 जागा असूनही राजीव गांधींनी सरकार बनवण्याचा दावा केला नाही, तेव्हा 143 जागांच्या जनता दलाने बाहेरच्या पाठिंब्यावर सरकार बनवले हे मुळातच अनैतिक होते असे म्हणता येत नाही. तडजोडीत आपल्या मागणीचा काही भाग सोडला जातो. वचनभंगात दुसऱ्याने विश्वासाने दिलेली गोष्टच परस्पर खर्च होते. पहिली सोडणाऱ्याच्या मालकीची असते, दुसरी नसते.

लोकसभेच्या पाच वर्षांत मतदाराला पुन्हा गाऱ्हाणे घालण्याची सोय नाही, म्हणून निकालानंतर नवी आघाडी करणाऱ्यांवर पडणारे बंधन अधिक कडक असले पाहिजे. त्यांनी कोणत्या मुद्द्यांवर हात मिळवला आणि कोणते आश्वासन मागे घेतले, हे शपथविधीच्या आधी लेखी जाहीर करावे. आणि ज्यांनी एखाद्या पक्षाला रोखू म्हणून मते घेतली, त्यांना त्याच पक्षाबरोबर बसायचे असेल तर त्यांनी आधी जागेचा राजीनामा देऊन त्याच मतदारांकडे पुन्हा कौल मागावा.