पाठवणाऱ्याचं नाव

"ठरवायचंच असेल तर मे महिन्यात ठरवू नको," आत्या फोनवर म्हणाली होती. "मे महिन्यात इथे सगळ्यांनाच राहावंसं वाटतं. आषाढात ये."

म्हणून थोरल्याची शाळा दहा दिवस बुडवून, धाकटीचा पंप आणि वाफेचं मशीन पिशवीत टाकून मी आषाढात रत्नागिरीला आले. आत्याचं घर मिऱ्याला. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी आणि माडांपलीकडे समुद्र. मे महिन्यात मुलं त्या पाण्यातून बाहेर यायला तयार नसतात. आता पाणी मातकट झालं होतं आणि त्याच्या जवळ जायचं नाही असं मुलांना बजावलेलं होतं. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट. कपाटातल्या पुस्तकांच्या कडांवर पांढरी बुरशी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्यामुळे मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या शाकारून ठेवलेल्या, आणि ताटात सुकट, कुळथाचं पिठलं, नाहीतर आठळ्यांची भाजी.

पुणं सोडून इथे यायचं का, हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षं मुक्कामाला आहे. नवऱ्याचं काम घरून चालतं, माझं भाषांतराचंही. एकीकडे नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटचे हप्ते, सकाळी पावणेसातची स्कूलबस, खिडकीसमोर सतत चालू असलेलं बांधकाम आणि त्या धुळीत घुरघुरणारी धाकटीची छाती. दुसरीकडे मी नुसता समुद्र ठेवत आले होते, आणि तो पुरेसा वाटत होता.

"का यायचंय?" आत्याने पहिल्याच संध्याकाळी विचारलं. ती पडवीत आठळ्या सोलत बसली होती.

"मुलांसाठी," मी म्हटलं.

तिने मान वर केली नाही. "मुलांनी मागितलं?"

"मुलं काय मागणार? एक आठ वर्षांचा, एक चार वर्षांची. त्यांच्या वतीने आपणच ठरवायचं असतं ना?"

"ठरवायचं असतं. पण त्यांच्या वतीने ठरवणं आणि त्यांच्या नावावर ठरवणं यात फरक आहे. तो तुला कळतोय का, ते बघते आहे मी."

मला तेव्हा कळला नव्हता.

आत्या पस्तीस वर्षं टपाल खात्यात होती. बराचसा काळ मनीऑर्डरच्या खिडकीवर. सगळं कोकण मुंबईच्या मनीऑर्डरींवर जगायचं, हे पुस्तकात एका ओळीचं वाक्य असतं. तिच्या समोर मात्र त्या ओळीतली माणसं एकेक करून येऊन उभी राहायची. फॉर्मच्या खालच्या कुपनावर निरोपापुरती थोडी जागा असे. अंगठा उठवणाऱ्या बायकांना तो निरोप तीच वाचून दाखवी. मुलांना शाळेत घाल. कौलं शाकारून घे. शिमग्याला येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही श्वासाबद्दल बोललो. मी हिरिरीने सांगत होते की समुद्राची हवा मोकळी असते, धाकटीला मानवेल. आत्याने मला कपाट उघडून पुस्तकं दाखवली. "ही बुरशी तिच्या छातीला मानवेल?" बाळदम्याला धूळ चेतवते तशी बुरशीही चेतवते, आणि अंथरुणातल्या बारीक किड्यांना दमट हवा फार आवडते. हे आमच्या पुण्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं. मी ते ऐकून बाजूला ठेवलं होतं, कारण ते मला हव्या असलेल्या उत्तराच्या आड येत होतं.

"आणि रात्री तिला कमी-जास्त झालं तर?" आत्या म्हणाली. "गावात डॉक्टर आहेत, चांगले आहेत. पण मोठं काही झालं की इथला माणूस अजून कोल्हापूरची वाट धरतो. सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मध्ये आंबा घाट. पावसात दरड आली की वाट बंद. मी भीती घालत नाही गो. इथे राहणाऱ्या प्रत्येक आईच्या डोक्यात हा घाट असतो, एवढंच सांगते. तुझ्याही डोक्यात तो कायमचा राहायला येईल."

पाण्याचंही तसंच. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात कित्येक वाड्यांना टँकर लागतो. जांभा पाणी धरत नाही, आणि सह्याद्रीपासून समुद्र इतका जवळ की नद्यांना रेंगाळायला जागाच नाही. लहानपणी मे महिन्यात आम्ही यायचो तेव्हा विहीर खाली गेलेली असायची. मी ती पाहिली होती. पण सुट्टीत आलेल्या मुलीला ती गंमत वाटली होती. पाणी शेंदताना आत्याचे खांदे दुखायचे, हे मला आत्ता, अडतिसाव्या वर्षी सुचलं.

"म्हणजे येऊ नको म्हणतेस?"

"मी कुठे म्हटलं? समजा तुम्ही इथलेच असता. हेच दोघं, हीच दोन मुलं, हेच घर. मग आज आहे तसल्या फ्लॅटसाठी, आज आहे त्या बससाठी हे सोडून पुण्याला गेला असतात?"

मी विचार करून म्हटलं, "नाही."

"मग तिथे का राहताय? तिथे आहात म्हणूनच ना? राहण्याचा निर्णयही निर्णयच असतो. तो रोज होतो म्हणून त्याचा हिशोब कोणी मांडत नाही."

हा मुद्दा मला पटला, आणि थोडा वेळ वाटलं की प्रश्न सुटला. पण आत्याने तो तिथे सुटू दिला नाही. म्हणाली, तुझ्या बापाला हाच प्रश्न १९७८ साली विचारला असता तर त्याने उलट उत्तर दिलं असतं, आणि तेही खरंच असतं. गावात काम नव्हतं. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला अजून वीस वर्षं होती. तो एसटीने पिंपरीच्या कारखान्यात गेला आणि तिथलाच झाला.

मी तिला माझी खरी अडचण सांगितली. एल. ए. पॉल या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ साली एक पुस्तक लिहिलं, 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्स्पिरियन्स'. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काही अनुभव माणसालाच बदलून टाकतात. मूल होणं हा तसा अनुभव. तो घेण्याआधी तो कसा असेल हे कळत नाही, आणि घेतल्यावर आपल्या आवडीनिवडीच बदललेल्या असतात. मग आधीच्या माणसाने नंतरच्या माणसासाठी निवड करायची तरी कशाच्या जोरावर? पाच वर्षं मिऱ्याला राहिलेली मी कोण असेन, ते आज मला माहीत नाही. आणि मुलांचं तर त्याहून अवघड. रत्नागिरीत वाढलेला माझा मुलगा आणि पुण्यात वाढलेला माझा मुलगा ही दोन वेगळी माणसं होतील. त्यातल्या एकाला मी जन्मालाच येऊ देणार नाही. कुणाची बाजू घेऊ?

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उद्या थिबा पॉइंटला जाऊ. पाऊस थोडा उघडला तर."

उघडला. वरून भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडची सुरूची झाडं धुकट दिसत होती. जवळच ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचा, थिबाचा राजवाडा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ साली त्याला कुटुंबासह इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून त्यात राहायला जाईपर्यंत १९१० उजाडलं. १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं समोर हेच पाणी.

"तरुण कुटुंबाला समुद्राकाठच्या गावात आणून ठेवल्याचं रत्नागिरीतलं सगळ्यात मोठं उदाहरण हे," आत्या म्हणाली. "चार मुली होत्या. धाकटीचा तर जन्मच इथला. बापासाठी ही जागा शेवटपर्यंत तुरुंग होती. तो गेल्यावर १९१९ साली कुटुंब ब्रह्मदेशात परतलं. पण थोरली राजकन्या पुन्हा इथे आली. वाड्यावर नोकरीला असलेल्या एका मराठी माणसात तिचा जीव गुंतला होता. तिची मुलगी टूटू इथेच वाढली, मराठी बोलली, इथेच संसार केला, इथेच गेली."

"म्हणजे मुलीला ते घर झालं."

"घाई करू नको. गरिबीत दिवस काढले दोघींनी. सुखाची गोष्ट म्हणून मी हे सांगत नाहीये. एकच जागा बापाला तुरुंग होते आणि लेकीला परत यावंसं वाटण्याइतकी जवळची होते, हे कुणाला आधी सांगता आलं असतं? तुझ्या त्या बाई म्हणतात ते खरं आहे. पण त्यातून ठरवूच नये असं निघत नाही. ठरवताना मुलांच्या सुखाची हमी घेऊ नये, एवढंच निघतं. थिबाला निदान एक गोष्ट करता आली नाही. मुलींना तो कधी म्हणू शकला नाही की तुमच्यासाठी इथे आलो."

ते वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं. कारण माझे वडील ते म्हणायचे.

"तुमच्यासाठी समुद्र सोडला." रागाने नव्हे, प्रेमाने म्हणायचे. दहावीच्या निकालाला, माझ्या लग्नात, पहिल्या नातवाला मांडीवर घेऊन. मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. ते गाव सोडून गेले तेव्हा मी जन्मलेही नव्हते. पण आयुष्यभर एक कर्ज अंगावर असल्यासारखी मी अभ्यास केला, नोकरी केली, कधी नापास झाले नाही. ज्या कागदावर माझी सही नव्हती त्याचे हप्ते फेडत राहिले. समुद्राची ही ओढ माझीच आहे की त्यांना तो परत मिळवून द्यायचाय, हेही मला सांगता येत नाही. ते जाऊन सहा वर्षं झाली.

मी हे सगळं आत्याला खाडीकडे बघत सांगितलं. तिचेही डोळे भरले. भाऊ होता तिचा.

"तो खोटं बोलत नव्हता," ती म्हणाली. "पण पूर्ण खरंही नव्हतं ते. त्याला जायचंच होतं. शहर बघायचं होतं, स्वतःच्या पगाराचं घड्याळ घालायचं होतं. त्यात वाईट काय? पण ते कबूल करण्यापेक्षा तुमच्यासाठी म्हणणं सोपं गेलं. खिडकीवर मी फॉर्म तपासायची ना, रक्कम बरोबर, पत्ता बरोबर, आणि पाठवणाऱ्याचं नाव रिकामं असलं की परत द्यायची. हे भरून आण म्हणायची. घेणाऱ्याला कळायला नको, कोणी पाठवलं ते?"

"मग मुलांचा विचारच करायचा नाही?"

"करायचा की. सगळ्यात आधी. तिच्या छातीचा, त्याच्या शाळेचा, घाटाचा. तिच्या श्वासाने नको म्हटलं तर विषय संपला, तिथे तुझी हौस चालणार नाही. पण श्वासाने हो म्हटलं, तर त्यापुढचं तुमच्या दोघांच्या नावावर. आम्हाला इथे राहायचं होतं, म्हणून तुम्हाला आणलं. हे मुलांना सांगता यायला हवं. मग पंधराव्या वर्षी तो म्हणाला की तुम्ही मला कुठे आणून टाकलंत, तर त्याला तुमच्यावर रागावता येईल. 'तुझ्यासाठी' म्हटलंस तर तोही हक्क जातो त्याचा."

मला वाटतं, या दहा दिवसांत मी जे शिकले ते एवढंच. आई झाल्यापासून मी स्वतःला काही हवं असणं हळूहळू बंद करत आणलं होतं. जे हवं असेल ते मुलांच्या तोंडून मागायची सवय लागली होती. ते निःस्वार्थ दिसतं. पण उद्या त्याची वसुली कुणाकडून होते, ते मला माहीत असायला हवं होतं.

रात्री नवऱ्याला फोन केला. त्याला विचारलं, मुलं बाजूला ठेव, तुला काय हवंय? तो खूप वेळ बोलला नाही. मग म्हणाला, मला माहीत नाही, मला शोधावं लागेल. लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि हा प्रश्न मी त्याला पहिल्यांदा विचारत होते.

धाकटीचं म्हणाल तर सातव्या रात्री तिला एकदा पंप द्यावा लागला. बाकीच्या रात्री नाही. वीज गेली की पंखा थांबायचा आणि पावसाच्या आवाजाखाली तिचा श्वास शोधत मी जागी पडून राहायची. एवढ्या रात्रींवरून काही ठरत नाही. श्रावणात पुन्हा आणायचं आहे, मग थंडीत. तोवर आंब्याचा घाट डोक्यात घेऊन मला झोप लागते का, तेही कळेल.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याने आम्हाला बंधाऱ्यावर नेलं. लाटा दगडांवर फुटून रस्त्यापर्यंत तुषार येत होते. दर पावसाळ्यात समुद्र इथला किनारा खातो. "तिथे," तिने फेसाकडे बोट केलं, "आजोबांचे माड होते." आम्ही नुसतं पाहत राहिलो.

परतताना थोरला माझ्या छत्रीत आला. मी त्याला सांगितलं की मला इथे राहायला यावंसं वाटतंय, बाबा अजून विचार करतोय, काहीच ठरलेलं नाही.

"माझ्यासाठी?" त्याने विचारलं.

"नाही. मला आवडतं म्हणून."

तो आत्याच्या अंगणातल्या जुन्या लोखंडी फाटकापाशी थांबला. खाऱ्या हवेने त्याच्या गजांचे पापुद्रे सुटले होते. त्याने एक बोटाने खरवडून बघितला.

"माझी सायकल गंजेल," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "गंजेल."