न दाखविलेले पाहताना

मृताला आपली लाज स्वतः राखता येत नाही. ती राखण्याचे काम मागे उरलेल्यांवर येऊन पडते. सामान्य माणसाच्या बाबतीत हे काम फारसे अवघड नसते. त्याच्या पेटीतली चार पत्रे घरचे लोक एक तर जाळून टाकतात, किंवा बासनात बांधून ठेवतात आणि दोन पिढ्यांनी बासनासकट विसरतात. परंतु माणूस मोठा कलावंत असला म्हणजे त्याचे घर साऱ्या जगाचे होते, आणि त्याने आपण होऊन जे दिले तेवढ्यावर जगाचे समाधान होत नाही. जे त्याने दिले नाही, तेही पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? फ्लॉरेन्स नगरात मायकेलँजेलोच्या मागोमाग एक दिवस हिंडताना हा प्रश्न आम्हांला पडला, आणि तो पुरता सुटला आहे असे आजही म्हणवत नाही.

आम्ही तिघे होतो, आणि आमच्यापुरताच एक वाटाड्या ठरविला होता. क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्याय जसा यात्रेकरूंना ताब्यात घेतो, तसे त्याने आम्हांला सकाळीच ताब्यात घेतले आणि आश्वासन दिले की, संध्याकाळपर्यंत मायकेलँजेलोला तुम्ही घरच्या माणसासारखे ओळखू लागाल. अशा खाजगी फेरीसाठी लोक पैसे मोजतात ते बहुधा या आश्वासनापोटीच.

आरंभ नगरसभेसमोरच्या चौकात झाला. १५०४ साली डेव्हिडचा पुतळा येथे उभा राहिला. तो कोठे ठेवावा हे ठरविण्यासाठी जे जाणते लोक बोलाविण्यात आले, त्यांत लिओनार्दो आणि बोत्तिचेल्ली हेही होते. १५२७ च्या दंग्यात त्याचा हात मोडला. १८७३ मध्ये मूळ पुतळा छपराखाली नेण्यात आला, आणि चौकात आज उभी आहे ती १९१० साली बसविलेली प्रतिकृती. येथे आमचा प्रश्न उद्भवत नाही. हे काम त्याने नगराला दिले होते, भर उन्हापावसात, सर्वांच्या डोळ्यांसमोर दिले होते. दिलेले पाहण्यात संकोच कसला?

तेथून गिबेलिना रस्त्यावरच्या बुओनारोती घराण्याच्या वाड्यात गेलो. १८५९ पासून हा वाडा संग्रहालय आहे, आणि मायकेलँजेलोची दोनशेहून अधिक रेखाटने तेथे जतन केलेली आहेत. मरणापूर्वी त्याने आपली पुष्कळशी रेखाटने स्वतःच जाळून टाकली, असे त्याचा चरित्रकार व्हासारी सांगतो. आपण किती कष्ट उपसले ते कोणास दिसू नये, पूर्णत्वाला पोचले तेवढेच दिसावे, ही त्याची इच्छा. म्हणजे त्या वाड्यातला एकेक कागद आगीतून सुटलेला. आमच्या मनात अपराधाची पहिली जाणीव येथे शिरली.

परंतु त्याच घराची दुसरी हकिगत या जाणिवेला छेद देणारी आहे. मायकेलँजेलो कवीही होता, आणि त्याच्या कित्येक प्रेमकविता एका तरुण पुरुषाला उद्देशून लिहिलेल्या होत्या. त्याच्या पुतण्याच्या मुलाने, ज्याचे नावही मायकेलँजेलोच होते, १६२३ साली त्या प्रसिद्ध केल्या तेव्हा पुल्लिंगाच्या जागी स्त्रीलिंग घातले. हस्तलिखितांवरून शुद्ध केलेली आवृत्ती निघाली ती १८६३ मध्ये. तोवर दोनशे चाळीस वर्षे जगाने जे वाचले, ते थोरल्या मायकेलँजेलोचे मन नव्हते. धाकट्याने ही लाज राखली खरी, पण कोणाची? त्या कविता कवीने जाळल्या नव्हत्या. जपून ठेवल्या होत्या. तेव्हा लाज होती ती घराण्याची. झाकणे निराळे आणि खोटे करणे निराळे, हे त्या वाड्यात आम्हांला नीट उमगले. पडदा धरणारा प्रत्येक हात निष्ठेचाच असतो असे नाही.

दुपारी मुख्य मंदिराच्या संग्रहालयात त्याची ‘पिएता’ पाहिली. वार्धक्यात, रोममध्ये, स्वतःच्या समाधीसाठी म्हणून त्याने ती कोरावयास घेतली आणि पुढे आपल्याच हाताने फोडली. तुकडे त्याने देऊन टाकले. काल्काग्नी नावाच्या शिष्याने ते जोडले आणि मॅग्डेलिनची मूर्ती घासूनपुसून पुरी केली. टाकून दिलेले उचलले म्हणून शिष्याला दोष देता येत नाही. तथापि ती गुळगुळीत मॅग्डेलिन त्या समूहात परकी वाटते, आणि ख्रिस्ताचा नसलेला डावा पाय मात्र खटकत नाही. पुरे करण्याच्या प्रेमातही एक उद्धटपणा दडलेला असू शकतो.

शेवटी सान लोरेंझो. येथल्या मेदिची घराण्याच्या समाध्या मायकेलँजेलोच्या हातच्या आहेत. १५२७ साली नगराने मेदिचींना हाकलून लोकसत्ता पुकारली, तेव्हा ज्यांच्या समाध्या तो कोरीत होता त्यांच्याच विरुद्ध तटबंदी उभारण्याचे काम त्याने पत्करले. १५३० मध्ये नगर पडले आणि त्याला लपून राहावे लागले. पुढे मेदिची घराण्यातल्याच पोप सातव्या क्लेमेंटने त्याला क्षमा केली, आणि तो पुन्हा त्याच समाध्यांपाशी कामाला लागला.

१९७५ साली पर्यटकांना बाहेर पडण्यासाठी नवी वाट शोधली जात असता, समाधिगृहालगत एका कपाटाखाली चोरदार सापडले. खाली एक अरुंद खोली होती, १९५५ पर्यंत कोळसा साठविण्याच्या उपयोगातली. भिंतींवरचा गिलावा काढल्यावर कोळशाने काढलेल्या आकृती उमटल्या: पाय, मस्तके, वळलेली शरीरे. मायकेलँजेलो लपला तो येथेच, असा शोध लावणाऱ्या संग्रहालयप्रमुखाचा तर्क. सर्वच रेखाटने त्याच्या हातची आहेत काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही खोली लोकांना पाहण्यास खुली झाली, ती एका वेळी चार जणांना आणि पंधरा मिनिटांपुरती. उजेडाने रेषा झिजू नयेत म्हणून दोन खेपांच्या मध्ये ती पुन्हा अंधारात ठेवावयाची.

आमच्या वाटाड्याच्या नावे जागा नव्हती. तो वरच थांबला. चौथी जागा एका अनोळखी वृद्धेची होती. दिवसभर चाललेला शब्दांचा ओघ थांबला आणि आम्ही त्या भिंतींसमोर उभे राहिलो. जागा अपुरी पडली म्हणून एका आकृतीवर दुसरी चढलेली. ही चित्रे कोणासाठी नव्हती. भ्यालेल्या माणसाचा हात रिकामा राहू शकला नाही, एवढेच तेथे दिसते. तो धीट होता की भित्रा, नगराशी एकनिष्ठ होता की आश्रयदात्यांशी, याचा निवाडा ती भिंत देत नाही. वृद्धेने हात पाठीमागे घट्ट धरले होते. आम्हीही नकळत तसेच केले.

आम्हांला तेथे असण्याचा अधिकार होता काय? नव्हता, असे आम्हांला वाटते. आणि तरीही आम्ही गेलो याचा पश्चात्ताप होत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परक्याच्या घरी पाहुणा जातो तो अधिकाराने नव्हे. बसावयास सांगतील तेथे तो बसतो, कपाटे उघडीत नाही, आणि वेळ झाली की उठतो. त्या खोलीचा नियम कोळशाच्या रेषांसाठी केलेला आहे. पण मृतांच्या खाजगी गोष्टींपाशी कसे वागावे याचाही त्याहून बरा नियम आम्हांला सुचत नाही. दुरुस्त करू नये, पुरे करू नये, आपल्या सोयीचा अर्थ लावून बाहेर नेऊ नये; थोडा वेळ पाहावे आणि अंधार परत करावा.

वर आलो तेव्हा वाटाड्याने उत्सुकतेने विचारले, “आता ओळखलेत ना त्याला?” त्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही मान हलविली. पण त्या दिवशी सकाळी आम्ही मायकेलँजेलोला जेवढे ओळखत होतो, त्याहून संध्याकाळी कमीच ओळखत होतो.