कुणी हाक मारत नाही म्हणून

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी मजुरीचं छोटं ॲप बनवलं होतं. कामगारांचे फोन साधे, त्यात जागा कमी. म्हणून रिलीज करताना आर-एट हे टूल लावून ॲपचा आकार निम्म्यावर आणला. पगाराच्या दिवशी विणकरांच्या पावत्या उघडल्या. कांड्या भरणाऱ्या बायकांची पावती उघडली की ॲप बंद. “आमचंच कसं गेलं रे?” एका मावशींनी विचारलं.

प्रोगार्ड २००२ सालचं, आर-एट त्यानंतरचं. पण दोघांची रीत एकच. ॲप जिथून सुरू होतं तिथून निघायचं, कोणता क्लास कुणाला बोलावतो याचा माग काढायचा आणि जिथे वाट पोचत नाही ते निरुपयोगी समजून टाकून द्यायचं. विणकरांच्या मजुरीचा क्लास मी कोडमध्ये थेट वापरला होता. कांडीचा नंतर जोडला. त्याचं नाव ॲप चालू असताना फाइलमधून वाचलं जायचं आणि नावावरून क्लास शोधला जायचा. याला रिफ्लेक्शन म्हणतात. टूलला ती हाक ऐकूच आली नाही.

‘हा क्लास ठेव’ असा एका ओळीचा कीप नियम लिहिला आणि काम झालं. प्रश्न मात्र राहिला. ‘मला कुणी बोलावताना दिसत नाही’ आणि ‘कुणीच बोलावत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. खर्च कमी करताना आपण पहिल्यावरून दुसरं किती सहज ठरवतो! टॉवेलवर कांडीवालीचं नाव दिसत नाही. पण कांडी नसेल तर धोटा रिकामाच धावेल.

मग काहीच काढू नये का? तसंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावा लायब्ररीतली मोठी त्रुटी उघड झाली. ‘जेएनडीआय लुकअप’ हा क्लास ज्यांनी कधी मुद्दाम वापरला नव्हता, त्यांच्याही सर्व्हरमध्ये त्यातून शिरता येत होतं. ताबडतोब अपडेट जमत नसेल, तर तो क्लास जार फाइलमधून काढून टाका, असा तात्पुरता उपाय सांगितला गेला. भीतीपोटी सगळंच ठेवणं हाही निष्काळजीपणाच.

म्हणजे काटछाट चूक नाही; पुरावा कुणी द्यायचा, हा मुद्दा आहे. ‘मी लागते’ हे कांडीवालीने सिद्ध करायचं, की ‘ती लागत नाही’ हे कात्री हातात असलेल्याने? टूलला दोष देऊन मी सुटत नाही. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

आता छाटलेलं ॲप पाठवण्याआधी मी प्रत्येक कामाची पावती उघडून बघतो. पहिली कांडीची.