गुपित कुणाच्या भरवशावर?

१९५७ साली फ्रेड हॉयल या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाची पहिली कादंबरी आली, ‘द ब्लॅक क्लाउड’. एक अवाढव्य काळा ढग सूर्याच्या दिशेने येतो आहे, हे मोजक्या शास्त्रज्ञांना आधी कळतं. बातमी फुटू नये म्हणून ब्रिटिश सरकार त्यांना खेड्यातल्या एका मोठ्या वाड्यात जवळजवळ नजरकैदेत ठेवतं. पुढे कळतं, की हा नुसता ढग नाही, विचार करणारा जीव आहे. शास्त्रज्ञ रेडिओवरून त्याच्याशी बोलायला लागतात. इकडे घाबरलेली अमेरिका आणि रशिया त्याच्यावर हायड्रोजन बॉम्ब लावलेली रॉकेटं सोडतात. तेव्हा कादंबरीचा नायक, केंब्रिजचा प्राध्यापक किंग्जली, ही गोष्ट ढगाला सांगून टाकतो. ढग रॉकेटं उलटी फिरवतो. त्यातली काही माणसांच्याच शहरांवर येऊन पडतात.

म्हणजे एका माणसाने माणसांचं लष्करी गुपित परक्याला दिलं आणि त्यात माणसं मेली. आपल्याकडे याला फितुरी म्हणतात. तरी वाचताना आपण किंग्जलीच्याच बाजूला असतो. मीही होतो. पुस्तक मिटल्यावर मात्र प्रश्न पडला, की मी त्याच्या बाजूला कशाच्या जोरावर उभा राहिलो?

उत्तर सोपं आहे. किंग्जली बरोबर आहे, हे लेखकाने मला आधीच सांगून ठेवलं होतं. ढगाला वाईट हेतू नाही, राजकारणी आंधळे आहेत, बॉम्ब टाकणं हा मूर्खपणा आहे, हे सगळं मला माहीत होतं. नायकाच्या खिशात लेखकाची हमी होती. गुप्तहेर आणि विज्ञान एकत्र करणाऱ्या बहुतेक थ्रिलरांचा व्यवहार असाच चालतो. नायक खोटं बोलतो, चोरी करतो, कुणाला तरी फसवतो आणि शेवटच्या पानावर तो बरोबर ठरतो. ठरवणारा एकच माणूस असतो, लेखक.

हा प्रश्न मला नुसता वाचक म्हणून पडलेला नाही. मनमाडला मी दिवसा अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेतो आणि रात्री माझी पहिली विज्ञान-थ्रिलर लिहितो. नायिका मनमाडचीच, रेल्वे वर्कशॉपमधल्या फिटरची मुलगी, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणारी. समुद्राखाली लपलेली पाणबुडी गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म फरकावरून शोधता येईल, असं यंत्र तिच्या गटाने बनवलं आहे. एका रात्री तिला कळतं, की या यंत्रामुळे युद्ध टळणार नाही, उलट लवकर सुरू होईल. ती मनमाडला उतरते. बॅगेत एक हार्ड डिस्क आहे. ती डिस्क ती कुणाला देते का, इथे माझी कादंबरी चार महिने अडली आहे.

थ्रिलरसाठी मनमाड हे गाव वाटतं त्यापेक्षा बरं आहे. मुंबईहून भुसावळला जाणारी लाइन, दौंडला जाणारी, संभाजीनगरमार्गे सिकंदराबादला जाणारी; सगळ्या इथे भेटतात. जिल्ह्यात देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, ओझरला विमानं बनवणारा एचएएलचा कारखाना आहे, नाशिक रोडला नोटांचा छापखाना आहे. दौंड लाइनवर अहिल्यानगरला चिलखती दलाचं केंद्र आहे. त्यामुळे ताडपत्री घातलेले रणगाडे वाहून नेणारी गाडी आम्हाला नवीन नाही. आमच्या गावात सगळ्यांत जास्त शोधली जाणारी गुप्त माहिती म्हणजे नळाला पाणी कधी येणार ही, असं आम्ही गमतीने म्हणतो. रणगाड्यांकडे कुणी फारसं वळूनही बघत नाही.

पण माझ्या एका विद्यार्थ्याने बघितलं आणि व्हिडिओ काढला. २०२५च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर लष्करी हालचालींचं थेट चित्रण दाखवू नका, असं केंद्र सरकारने माध्यमांना कळवलं होतं, त्याच दिवसांतली ही गोष्ट. रील टाकण्याआधी त्याने मला दाखवलं. म्हटलं, “नको टाकूस.” तो म्हणाला, “सर, प्लॅटफॉर्मवरच्या शंभर माणसांनी पाहिलंय. वरून सॅटेलाइट बघतंय. मग यात गुपित काय राहिलं?”

त्याचा मुद्दा कच्चा नव्हता, आणि फिजिक्सवाल्याला तर तो सहज पटेल असा होता. निसर्गाचे नियम कुणाच्या कपाटात बंद राहत नाहीत. युरेनियमचा अणू फुटतो हे ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी १९३८च्या डिसेंबरमध्ये बर्लिनमध्ये पाहिलं आणि १९३९च्या जानेवारीत छापून टाकलं. त्यानंतर ते जगातल्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेला करून बघता येण्यासारखं होतं. गुपित राहतं ते तपशिलाचं. किती, कुठे, कधी, कोणत्या क्रमाने. रणगाडा असतो हे गुपित नाही. आज, या दिशेने, इतके गेले, हे असू शकतं. एकट्या व्हिडिओत काही नसेलही, पण हेरगिरी म्हणजे बहुतेक वेळा असे निरुपद्रवी तुकडे एकत्र जोडणं. आपला तुकडा कुठल्या चित्रात बसणार आहे, ते तुकडा देणाऱ्याला दिसत नाही. त्याने रील टाकलं नाही. पटलं म्हणून की सरांनी सांगितलं म्हणून, ते मला माहीत नाही.

आता खऱ्या जगातली दोन माणसं घेऊ. दोघंही भौतिकशास्त्रज्ञ, आणि १९४४ सालच्या शेवटी काही महिने दोघंही अमेरिकेत लॉस अलामॉसला, जिथे अणुबॉम्ब बनत होता तिथे काम करत होते.

पहिला क्लाउस फुक्स. हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेला, मनाने कम्युनिस्ट. इतकं भयंकर हत्यार एकाच देशाकडे असू नये आणि सोव्हिएत रशिया तर दोस्त राष्ट्र आहे, अशा विचाराने त्याने प्लुटोनियम बॉम्बचे तपशील रशियाला पुरवले. पैशासाठी नाही, तत्त्वासाठी. १९४९च्या ऑगस्टमध्ये रशियाने पहिली चाचणी केली. १९५०च्या जानेवारीत, संशय आल्यावर आणि चौकशी सुरू झाल्यावर, त्याने कबुली दिली. चौदा वर्षांची शिक्षा झाली, १९५९ मध्ये सुटला आणि पूर्व जर्मनीला गेला.

दुसरा जोसेफ रोटब्लाट. पोलंडचा. हिटलरने आधी बॉम्ब बनवला तर काय, या भीतीने तो या कामात आला होता. १९४४च्या शेवटी स्पष्ट झालं, की जर्मनीचा बॉम्ब होणार नाही. रोटब्लाटने काम सोडलं. सोडण्याचं खरं कारण सहकाऱ्यांना सांगायचं नाही, अशी अट त्याला घातली गेली आणि ती त्याने पाळली. वर तोच हेर असल्याचा संशय घेतला गेला. जाताना त्याने आपल्या टिपणांची आणि पत्रांची एक पेटी सोबत घेतली होती. वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या रेल्वेत ती नाहीशी झाली, पुन्हा कधीच सापडली नाही. जंक्शनवर वाढलेल्या माणसाला ही पेटी विसरता येत नाही. पुढे रोटब्लाटने वैद्यकीय भौतिकशास्त्र धरलं आणि १९५७ पासून पगवॉश परिषदांमधून अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांना एकत्र आणलं. १९९५चं शांततेचं नोबेल त्याला आणि पगवॉशला मिळालं.

फुक्सची बाजू घेणारे आजही आहेत. दोन्हीकडे बॉम्ब असल्यामुळेच तिसरं महायुद्ध झालं नाही, असं ते म्हणतात. हे खरंही असू शकेल. पण १९४५ साली फुक्सला ते माहीत नव्हतं, माहीत असणं शक्यही नव्हतं. बॉम्ब स्टालिनच्या हाती जाणार होता. निकाल चांगला लागला असं मानलं, तरी त्यावरून निर्णय शहाणा होता असं सिद्ध होत नाही. डोळे मिटून रूळ ओलांडणारा वाचला, म्हणजे त्याने गाडी बघितली होती असं नाही.

फुक्स स्वतःला किंग्जली समजला, आणि त्याच्या खिशात कुठल्याही लेखकाची हमी नव्हती. माझा त्याच्यावरचा आक्षेप इथे आहे. देशद्रोह हा शब्द मला पुरेसा वाटत नाही, कारण देशही चुकतात. त्याने साऱ्या जगाच्या वतीने, परत न फिरवता येणारा निर्णय एकट्याने घेतला आणि ‘तू चुकतो आहेस’ असं म्हणू शकणाऱ्या प्रत्येक माणसापासून तो लपवून ठेवला. मित्रांच्या घरी जेवला, त्यांच्या मुलांशी खेळला आणि त्यांच्याशी खोटं बोलला. रोटब्लाटलाही हमी नव्हती. म्हणून त्याने असं पाऊल उचललं, की आपण चुकलो तर नुकसान मुख्यतः आपलंच व्हावं. त्याच्या जाण्याने हिरोशिमा थांबलं नाही, हे खरं आहे, आणि ते विसरून त्याला डोक्यावर घेण्यात अर्थ नाही. पण पुढची पन्नास वर्षं तो जे बोलला ते स्वतःच्या नावाने, उघड आणि उत्तर ऐकून घेत.

मग गुपित राखणाऱ्या सरकारला हमी कोण देतं? हा प्रश्न टाळला तर वरचं सगळं नुसतं आज्ञापालनाचं प्रवचन होईल. १९४८च्या एप्रिलमध्ये संविधान सभेत अणुऊर्जा विधेयक आलं, तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव या सदस्याने विचारलं होतं, की ब्रिटनमध्ये गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती आहे, मग आपल्याकडे सगळ्याच अणुसंशोधनाला का? शांततेचं काम आणि संरक्षणाचं काम वेगळं कसं काढायचं हे आपल्याला ठाऊक नाही, अशा अर्थाची कबुली नेहरूंनी दिली. विधेयक मंजूर झालं. पण प्रश्न भर सभेत विचारला गेला आणि पंतप्रधानांना अवघड उत्तर द्यावं लागलं. १९९८ मध्ये पोखरणला आपले शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात, खोट्या नावांनी, उपग्रहांच्या वेळा चुकवत काम करत होते. ते गुपित ११ मेच्या संध्याकाळी सरकारने स्वतः उघडलं आणि त्यावरची भांडणं आजही मोकळेपणाने चालतात. जे गुपित कधी उघडणारच नाही आणि ज्याबद्दल विचारणंही गुन्हा ठरतं, तिथे सरकारच फुक्सच्या जागी जाऊन बसतं.

गुपिताचा एक फार छोटा आणि मला आवडणारा नमुना मराठीतच आहे. ज्या १९५७ साली हॉयल यांची कादंबरी आली, त्याच साली जयंत नारळीकर बनारसहून केंब्रिजला गेले, आणि पुढे हॉयल यांचे विद्यार्थी झाले. गुरू-शिष्यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ मध्ये गाजला, नारळीकरांचं नाव घराघरांत पोचलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही आपली पहिली विज्ञानकथा पाठवली, पण ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत मंगला नारळीकरांनी आपल्या हाताने लिहिली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग खरं नाव कळलं.

टोपणनाव, बदललेलं हस्ताक्षर. हेरकथेचा अर्धा माल इथे आहे. फरक दिशेचा आहे. हेर नाव लपवतो ते कुणी तपासू नये म्हणून. इथे नाव लपवलं ते तपासणी खरी व्हावी म्हणून. परीक्षकांना ‘हे नारळीकरांचं आहे’ ही हमी मिळू नये, कथेने स्वतःच्या पायावर उभं राहावं. फिजिक्समध्येही हेच शिकवतात. कितीही मोठ्या माणसाने सांगितलं, तरी प्रयोग दुसऱ्याला करून बघता आला पाहिजे.

तेव्हा कुठलंही गुपित राखताना किंवा फोडताना मी आता हे बघतो, की मी चुकलो तर ते कुणाला दाखवून देता येईल का, आणि त्याची किंमत कोण भरेल. याने प्रत्येक वेळी उत्तर मिळत नाही. कधी गप्प राहणं हाच गुन्हा असतो आणि बोलायला रोटब्लाटइतका वेळही नसतो. पण निदान, मला आतून खात्री वाटते, एवढ्यावर भागवता येत नाही. आतून खात्री फुक्सलाही होती.

माझ्या नायिकेचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. हार्ड डिस्क परक्याला देणं मी खोडलं आहे. ती राजीनामा देईल, की संसदेच्या एखाद्या समितीपुढे आपल्या नावानिशी जाऊन तुरुंगाची तयारी ठेवेल, हे लिहिता लिहिता कळेल. एवढं मात्र नक्की केलं आहे, की यंत्रामुळे खरंच युद्ध झालं असतं का, हे मी शेवटपर्यंत सांगणार नाही. तिला ते माहीत नाही, मग वाचकाला कशाला? ती पुलावर उभी आहे, खाली दौंडची गाडी लागते आहे, आणि ती बरोबर आहे असं तिला सांगणारं कुणीही नाही. मीसुद्धा नाही.