मुलुंडचा रेणू

घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत गरमराच्या मुळांचे लोणचे घालतात. मराठीत या वनस्पतीला मैनमूळ म्हणतात, वनस्पतिशास्त्रात कोलियस फोर्स्कोली. १९७०च्या दशकात मुलुंडच्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात भारतीय वनस्पतींची औषधी गुणांसाठी छाननी चालू होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी याच मुळांतून एक रेणू वेगळा केला आणि १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. तो रेणू म्हणजे फोर्स्कोलिन. पेशीतल्या अॅडेनिलेट सायक्लेज या विकराला तो थेट चालना देतो, हे १९८१मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. तेव्हापासून जगभरच्या पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत फोर्स्कोलिनची कुपी असतेच. जपानमध्ये त्याच्यापासून हृदयविकारावरचे औषधही तयार झाले.

मुलुंडला हा रेणू शोधणारे कंपनीचे पगारदार होते. गंमत पाहा, त्याच सुमारास लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेने याच वनस्पतीतून ‘कोलिओनॉल’ वेगळे केले आणि पुढे दोन्ही रेणू एकच ठरले. एका टोकाला सरकारी संस्था, दुसऱ्या टोकाला कारखान्याचे फाटक. निसर्गाने मात्र दोघांना एकच उत्तर दिले.

हा इतिहास आठवण्याचे कारण आपल्या घराघरांत ऐकू येणारे एक वाक्य आहे. मुलीची पीएचडी होते, पेढे वाटले जातात आणि पहिला प्रश्न येतो, “आता कुठल्या कॉलेजात लागणार?” ती औषध कंपनीत किंवा पेटंटच्या कामात गेली, तर आवाज खाली येतो, “संशोधन सोडलं तिने.” दुसरीकडे, कायम जागेची वाट पाहत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे पीएचडीधारक महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांना शिक्षकी पेशाचा मान मिळतो, पण त्या मानाने घर चालत नाही. शास्त्रज्ञ कोण, हे आपण त्याच्या खुर्चीवरून ठरवतो. त्याच्यासमोरच्या प्रश्नावरून ठरवत नाही. माझा आक्षेप या मोजमापाला आहे.

मुंबईच्या उपनगरांनी हे मोजमाप कधीच खोटे ठरवले आहे. गोरेगावचे सिबा संशोधन केंद्र १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाले. त्याचे संचालकपद स्वीकारण्यासाठी डॉ. टी. आर. गोविंदाचारी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्यपद सोडून आले. नैराश्यावरचे सिंटामिल हे औषध याच केंद्रात जन्मले. अंधेरीला हिंदुस्तान लीव्हरचे संशोधन केंद्र होते. त्या कंपनीचे संशोधन सांभाळलेले डॉ. एस. वरदराजन पुढे सीएसआयआरचे महासंचालक झाले. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवभौतिकीत काम केलेले डॉ. बाळ फोंडके ‘सायन्स टुडे’चे संपादक झाले आणि त्यांनी मराठी वाचकांच्या एका पिढीला विज्ञानाची गोडी लावली. यांपैकी कुणी विज्ञान सोडले, असे म्हणता येईल का?

तरीही तरुणांना ‘कॉलेज सोडा आणि कंपनी गाठा’ असे सांगणे मला अप्रामाणिक वाटते. गोरेगावचे ते केंद्र आज नाही. मुलुंडचे केंद्र १९९८ साली निकोलस पिरामलने विकत घेतले आणि २०१४मध्ये त्याच समूहाने नव्या औषधांच्या शोधाचे काम आवरते घेतले. संचालक मंडळाच्या एका ठरावाने प्रयोगशाळेचे दिवे मालवतात, हे या उपनगरांनी पाहिले आहे. कंपनीची खुर्चीही कायमची नसते.

म्हणून भरवसा ठेवायचा तो कसबावर. प्रश्न नेमका मांडणे, स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेणे, फसलेल्या प्रयोगाची नीट नोंद ठेवणे, हे पीएचडीत हाडीमाशी मुरते आणि कुठेही उपयोगी पडते. २००५मध्ये औषधांवर उत्पादन-पेटंट लागू झाले आणि रसायनशास्त्र जाणणाऱ्या पेटंट एजंटांची गरज वाढली. औषधचाचण्यांची नोंदपत्रे तपासणे, औषध नियामकांपुढे पुरावा मांडणे, विज्ञान सोप्या मराठीत लिहिणे, या सगळ्याला तेच कसब लागते. पवईच्या आयआयटीत सुरू झालेले आणि टाटा मेमोरियलच्या साथीने वाढलेले कर्करोगावरचे नेक्सकार-१९ हे उपचार २०२३मध्ये मान्यता मिळवून रुग्णांपर्यंत पोहोचले. त्यासाठी प्राध्यापकांच्या संशोधनाला कंपनीची, उत्पादनाची आणि नियामक कामाची जोड द्यावी लागली.

यात विद्यापीठांची जबाबदारी मोठी आहे. ज्यांनी स्वतः कधी कॉलेजबाहेर पाऊल टाकले नाही, असे अनेक मार्गदर्शक विद्यार्थ्यांना दुसरी वाट दाखवू शकत नाहीत. मग संशोधनकाळातच काही महिने कारखान्यात, पेटंट कार्यालयात किंवा औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत काढण्याची मुभा का नसावी? प्रत्येक विभागाने गेल्या दहा वर्षांतले आपले पीएचडीधारक आज काय करतात, हे प्रवेशापूर्वीच जाहीर करावे. आणि परतीची वाटही हवी. युजीसीने २०२२मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली, पण तिला किमान पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. पाच-सात वर्षे उद्योगात काढून विद्यापीठात येऊ पाहणाऱ्यासाठी ते दार बंदच राहते. जाणाऱ्याला परत येता येईल, अशी खात्री असली तर जाण्याची भीती निम्मी होईल.

कलिन्याच्या एखाद्या प्रयोगशाळेत आज कुणी विद्यार्थिनी पेशींवर फोर्स्कोलिनचा थेंब टाकत असेल. कुपीच्या चिठ्ठीवर मुलुंडचे नाव नसते. तिच्या मार्गदर्शकांनी ते तिला सांगावे. आपल्या हातातली वस्तू काही स्टेशनांपलीकडच्या एका कंपनीत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दिली आहे, हे कळले, तर उद्या त्यांच्या वाटेने जाताना तिला मान खाली घालावी लागणार नाही.